ख्रिस्ती शिक्षणात बायबलचं नुसतं पाठांतरच असतं का?
नाही. संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलं बायबलमधली वचनं तोंडपाठ करतात, पण ती सुरुवात. शिकवण्याची पद्धतसुद्धा बायबलमधूनच येते. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर येशूनं थेट उत्तर दिलं नाही. वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या परक्या जमातीतल्या माणसाची, म्हणजे चांगल्या शोमरोन्याची, गोष्ट सांगितली आणि उत्तर विचारणाऱ्याच्याच तोंडून काढून घेतलं (बायबलमधलं लूकचं पुस्तक, अध्याय १०). सगळे शिक्षक असं शिकवत नाहीत, हेही खरं!

ख्रिस्ती धर्माच्या दोन मोठ्या पंथांपैकी, प्रत्येकानं बायबल स्वतः वाचावं यावर प्रॉटेस्टंटांचा भर, तर कॅथलिकांमध्ये सोबत चर्चची परंपराही धरतात. पुण्याजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी सामान्य बायकांनाही समजावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालं.