व्हिडिओ बघून हॉब्ज लक्षात राहील का?

प्रश्न : मी तालुक्याच्या कॉलेजात टीवायला पाश्चात्य राजकीय विचार शिकवते. वर्गात हॉब्ज, लॉक, रूसो समजल्यासारखं वाटतं पण पंधरा दिवसांनी विचारलं की तिघांची खिचडी. मूळ उतारे कुणी उघडतच नाही, सगळं गाईडवर. मुलं रील झकास बनवतात, म्हणून चार-पाच जणांकडून व्हिडिओ करून घ्यावेत आणि बाकीच्यांना ग्रुपवर पाठवावेत असं डोक्यात आहे. उपयोग होईल का?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, होईल, पण सगळ्यात जास्त तो बनवणाऱ्यांना होईल. म्हणून चार-पाच हुशार मुलांनाच काम दिलंत तर ज्यांना गरज नाही त्यांचंच पक्कं होणार आणि बाकीचे बघून लाईक करून मोकळे. छोटे ग्रुप पाडा आणि प्रत्येकाला काहीतरी बनवायला लावा.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे! तुमच्या पंधरा दिवसांच्या खिचडीचं कारण मला तरी इथेच दिसतं, मुलं वाचतात, ऐकतात पण स्वतःहून आठवायची वेळ त्यांच्यावर येतच नाही. त्यामुळे स्क्रिप्ट वर्गातच लिहून घ्या, आधी उतारा वाचायचा मग पुस्तक मिटून लिहायचं, मोबाईल बॅगेत. घरी सोडलंत तर चॅटजीपीटी लिहून देईल आणि सगळी मेहनत एडिटिंगवर जाईल.

आता विषय काय द्यायचा. ‘हॉब्जवर व्हिडिओ करा’ म्हटलं की जन्म १५८८, इंग्लंड, यादवी युद्ध, मागे म्युझिक, संपलं. त्यात विचार कुठेच नाही. त्यापेक्षा तिघांना एकच प्रश्न टाका : राज्यकर्त्याने तुमची जमीन बळकावली तर? हॉब्ज म्हणेल की राज्य उभं करायचा करार लोकांनी आपापसात केलाय, सार्वभौम, म्हणजे सर्वोच्च सत्ता ज्याच्या हातात तो, त्यात पार्टीच नाही, मग त्याने करार मोडला असं म्हणताच येत नाही आणि मालमत्तेचा हक्क तुम्हाला शेजाऱ्याविरुद्ध आहे, त्याच्याविरुद्ध नाही. लॉक म्हणेल की सत्ता विश्वासाने सोपवलेली असते, संमतीशिवाय मालमत्तेला हात लावला तर तो विश्वास तुटला आणि लोकांना सरकार बदलायचा हक्क आहे. रूसो वेगळीकडूनच येतो, सार्वभौम म्हणजे लोकच आणि कायदा सगळ्यांसाठी सारखा असायला हवा, एका माणसाची जमीन नाव घेऊन काढून घेणं हा कायदाच होत नाही. एकदा मुलांनी हे तिघे एकमेकांसमोर बसवून भांडायला लावले ना, की कोण काय म्हणाला हे विसरणं अवघड आहे.

हॉब्जच्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथाचं १६५१ चं मुखचित्रही जरूर वापरायला सांगा, छोट्या छोट्या माणसांनी बनलेला राजा आणि त्या माणसांची तोंडं राजाकडे. त्यावर अर्धा मिनिट थांबून ‘हे असं का काढलंय’ एवढंच बोललं तरी पुष्कळ झालं. भारतीय विचारांच्या पेपरला तर फुल्यांची १८७३ ची ‘गुलामगिरी’ आहेच, धोंडिबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात, म्हणजे स्क्रिप्ट तयार आहे आणि तीही मराठीत.

बघणाऱ्यांसाठी मात्र नुसतं ग्रुपवर टाकू नका. वर्गात लावा, लॉक बोलायच्या आधी पॉझ करा, तो काय म्हणेल ते वहीत लिहू द्या, मग पुढे चालवा. आणि व्हिडिओत जे म्हटलंय ते उताऱ्यात नक्की कुठे आहे त्यावर पेन्सिलने खूण करायला सांगा, कारण चुका सापडतात त्या तिथेच आणि पुस्तक उघडलं जातं तेही त्यामुळेच. दोन आठवड्यांनी तोच प्रश्न परत विचारा, व्हिडिओ न दाखवता.

मार्क वादाला द्या, एडिटिंगला नको. ज्या मुलींना चेहरा दाखवायचा नाही त्यांना फळ्यावर चित्र काढून नुसता आवाज देऊ द्या आणि व्हिडिओ वर्गाबाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा, मग बघा किती जणी तयार होतात.

सुरुवात ‘लेव्हायथन’च्या १८ व्या प्रकरणाने करा, सार्वभौमाचे हक्क त्यातच आहेत. लॉकच्या ‘सेकंड ट्रीटीज ऑफ गव्हर्नमेंट’मधलं सरकार विसर्जित होण्यावरचं १९ वं प्रकरण त्याच्यासमोर ठेवलं की भांडण आपोआप सुरू होतं, रूसो पुढच्या आठवड्यात आणला तरी चालेल.