घर तुमचं, प्रश्न तुमचे : "टेम्पररी बीयू आलंय, किल्ली घ्या"

प्रश्न : आम्ही भायलीला थ्री बीएचके बुक केलाय, नववा मजला. बानाखत (विक्रीचा करार) झालंय, बँकेचे हप्ते पण सुरू झालेत. आता बिल्डर म्हणतोय की टेम्पररी बीयू (राहायला जायची तात्पुरती परवानगी) आलंय, राहिलेले पैसे भरा आणि अक्षय तृतीयेला किल्ली घ्या, एक तारखेपासून मेंटेनन्स चालू. रावपुऱ्यातल्या भाड्याच्या घराची नोटीस आम्ही देऊन बसलोय. जावं का राहायला? व्हॉट्सॲपवर आलेला कागद सोबत पाठवतेय. (एक वाचक, बडोदा)

उत्तर : ताई, कागद बघितला. मोठा करून दोनदा बघितला. वर आवकचा शिक्का आहे, तारीख आहे, शेजारी पेनाने नंबर टाकलाय आणि खाली आर्किटेक्टची सही. म्हणजे हे टेम्पररी बीयू पण नाही आणि कुठलंच बीयू नाही, बीयू मिळावं म्हणून जो अर्ज केला त्याची ही पोच आहे! पोच दाखवून पझेशन देणारे तुमचे बिल्डर पहिले नाहीत, मी तीसेक वर्षं लोकांचे नकाशे पास करून घेतोय, वर्षाला असे दोनतीन कागद तरी येतातच माझ्याकडे.

बीयू म्हणजे बिल्डिंग युज परमिशन, पुण्यामुंबईकडचे तुमचे नातेवाईक ज्याला ओसी किंवा भोगवटा म्हणतात तेच. आता यात "पार्ट" आणि "टेम्पररी" हे दोन शब्द लोक एकच समजून वापरतात आणि तिथेच घोळ होतो. पार्ट म्हणजे ए टॉवर पूर्ण झाला, बी चं काम चालू आहे, तर ए पुरती परवानगी. ती त्या भागापुरती पक्कीच असते, फक्त कागदावर टॉवर आणि मजले लिहिलेले असतात तेव्हा आपला नववा त्यात आहे का हे बोट ठेवून वाचायचं, कारण मी असाही कागद बघितलाय ज्यात सातव्यापर्यंतच परवानगी होती आणि दहाव्यावाल्यांनी वास्तुशांत करून पंगत पण उठवली होती. टेम्पररी म्हणजे काहीतरी बाकी आहे, अमुक तारखेपर्यंत ते करा या अटीवर राहा. तेव्हा बिल्डर कुठलाही शब्द वापरू दे, तुम्ही तीनच गोष्टी विचारा : कुठल्या भागासाठी, कुठल्या अटीवर, कधीपर्यंत. आणि कागद आपल्या डोळ्यांनी बघा, रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकून पण बघा.

काय बाकी आहे यावर सगळं आहे हो. कंपाउंड वॉलचा रंग किंवा बागेतली झाडं राहिली असतील तर मी पण म्हणेन जाऊ द्या. पण नवव्या मजल्यावर राहायचं तर फायरचं आणि लिफ्टचं बाकी असून चालणारच नाही. मागे वासणा रोडला एका नव्या बिल्डिंगमध्ये ओळखीच्यांबरोबर गेलो होतो, प्रत्येक मजल्यावर लाल पाइप, काचेची पेटी, होज गुंडाळून ठेवलेला, सगळं कसं चकाचक. मी खाली पंप रूममध्ये गेलो तर नुसता काँक्रीटचा चौथरा, त्यावर चार बोल्ट वर आलेले आणि मधे वॉचमनची सायकल. पंपच नाही! वर व्हॉल्व्ह फिरवला तर पाणी कुठून येणार? राजकोटला 25 मे 2024 ला गेमझोनला आग लागून 27 जण गेले, त्या जागेला फायरची एनओसी नव्हती, आणि त्यानंतर आपल्याकडेही एनओसी आणि बीयू नसलेल्या जागांना धडाधड सीलं लागली ते तुम्ही बघितलंच असेल. तुमच्या इथे लाइट कुठली आहे तेही विचारून ठेवा, बांधकामासाठी घेतलेल्या टेम्पररी कनेक्शनवरच घरं चालवतात कितीतरी जण, आणि त्याचा दर जास्त असतो.

आता मेंटेनन्सचं. रेरा कायद्यात असं आहे की ओसी म्हणजे आपलं बीयू मिळाल्यावर दोन महिन्यांत तुम्ही ताबा घ्यायचा. मिळाल्यावर! त्याआधी एक तारखेचा मीटर कसा काय चालू होतो हे त्यालाच लेखी विचारा, मेलवर विचारा, फोनवर नको. 2024 मध्येच आग्र्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कम्प्लिशन आणि फायरचा दाखला नसताना दिलेली पझेशनची ऑफर ग्राह्य धरता येत नाही. आणि बानाखतातली तारीख उलटून गेली असेल तर उलट तुम्हालाच दर महिन्याचं व्याज मागता येतं, रेरा कायद्याचं कलम 18.

"नंतर इम्पॅक्ट फी भरून होऊन जाईल" असं तो म्हणाला तर ऐकून घेऊ नका. इम्पॅक्ट फी म्हणजे विनापरवाना बांधकाम पैसे भरून नियमित करून घेणं, आणि त्यासाठीचा गुजरातचा 2022 चा कायदा 1 ऑक्टोबर 2022 च्या आधी झालेल्या बांधकामांसाठी आहे, तुमचा नववा मजला तेव्हा आकाशात होता.

घरमालकांना आजच फोन करून दोनतीन महिने वाढवून मागा, भाडं थोडं वाढवून द्यावं लागलं तरी द्या. शेवटचा हप्ता मात्र हातात ठेवा, तो दिला की तुमचा फोन कोण उचलतंय! मुहूर्ताचं म्हणाल तर कलश ठेवून या, होम नको पेटवू त्या बिल्डिंगमध्ये.

प्रश्न : मुलगा न्यूयॉर्कला आहे, त्याने नवीन कॉन्डो घेतलाय. तिथे टेम्पररी सर्टिफिकेटवरच सगळे राहतात म्हणे. मग आपल्याकडेच एवढा बाऊ का? (एक काका, दांडिया बाजार)

उत्तर : काका, मुलगा बरोबर सांगतोय. तिथे टीसीओ, म्हणजे राहायचं टेम्पररी सर्टिफिकेट असतं, साधारण 90 दिवसांचं, त्यावर घराचा व्यवहार पण होतो. पण ते द्यायच्या आधी राहायला धोका नाही ना हे तपासतात, जिने, फायर, बाहेर पडायची वाट, आणि मगच देतात. मुदत संपली की परत अर्ज, परत तपासणी. ते लॅप्स झालं तर तिथेही राहणं बेकायदाच, विकायला आणि लोनला पण अडतं. मुलाला एवढंच विचारा की सध्याचं कधी संपतंय आणि फायनल कोण काढणार, त्यासाठी वकिलाकडे काही पैसे अडकवून ठेवलेत का.

प्रश्न : आमच्या फ्लॅटचं वेराबिल (घरपट्टीचं बिल) नावावर येतं, दस्तावेज (खरेदीखत) पण झालाय. मग बीयू नसलं तर काय बिघडतं? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : वेराबिल आलं म्हणजे वेरा घेतला, परवानगी दिली असं नाही. मुंबईत एका सोसायटीला 1997 मध्ये पझेशन मिळालं, ओसी नाहीच, तर प्रॉपर्टी टॅक्स 25 टक्के आणि पाण्याचा चार्ज 50 टक्के जास्त भरत बसले. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ही बिल्डरच्या सेवेतली कमतरता धरली, पण मधली पंचवीस वर्षं गेली ती गेलीच. तुम्ही पास झालेल्या नकाशाची नक्कल काढा आणि पार्किंग मोजा, बीयू अडकायचं कारण बऱ्याचदा तिथेच बांधलेल्या दुकानात सापडतं.