कार्यक्रमातून जाहिरात काढायची तर

प्रश्न : नाशकात मेन रोडला आमचं साड्यांचं दुकान आहे. एका एफएमवर सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमात आमची जाहिरात लागते. मागच्या आठवड्यात त्यात विधवा बायकांबद्दल फार घाणेरडं बोललं गेलं. गिऱ्हाइकं दुकानात येऊन जाब विचारतात. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेत. जाहिरात थांबवली तर ते बुडतील का?

उत्तर : आधी रिलीज ऑर्डर (स्टेशनला दिलेला जाहिरातीचा लेखी आदेश) काढून वाचा. त्यात 'सकाळी ७ ते ११' असं लिहिलं असेल तर स्पॉट, म्हणजे तुमची जाहिरात, त्या चार तासांत कुठेही पडतो, 'आरओडीपी' असेल तर दिवसभरात कुठेही. या दोन्हींत सहसा करार मोडावा लागत नाही. स्पॉट दुपारी-संध्याकाळी वळवून मागा. सकाळचा दर बहुधा चढा असतो, म्हणून त्याच पैशांत जादा सेकंद मागा. न मागता कोणी देत नाही. कार्यक्रमाचं नावच लिहिलं असेल तर तुम्ही प्रायोजक आहात. मग रद्द करण्याचं कलम आणि नोटिशीचे दिवस बघा, आणि न वाजलेल्या सेकंदांची क्रेडिट नोट (तेवढे पैसे तुमच्या नावे जमा दाखवणारा कागद) १८ टक्के जीएसटी धरून मागा.

घोळ होतो तो फोनवर सांगितल्याने. सेल्सचा माणूस 'हो' म्हणतो, पण स्पॉट लावतो स्टेशनचा ट्रॅफिक विभाग, म्हणजे जाहिरातींचं वेळापत्रक बनवणारा विभाग, आणि उद्याची यादी आजच तयार झालेली असते. म्हणून सकाळीच मेल करा : "उद्यापासून या कार्यक्रमात आमचे स्पॉट, प्रायोजकाचा टॅग आणि आरजेने घ्यायचा उल्लेख, तिन्ही बंद करावेत. बदललेलं वेळापत्रक आज पाठवावं." तिन्ही लिहायचंच. टॅग म्हणजे प्रायोजकाचं नाव सांगणारी ओळ, ती बहुधा कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या जिंगलमध्येच रेकॉर्ड केलेली असते. स्पॉट निघाला तरी दुकानाचं नाव वाजत राहतं. आठवड्याने लॉग रिपोर्ट (जाहिरात कधी वाजली त्याची नोंद) मागवून वेळा ताडून बघा.

अमेरिकेत २०१२ साली रेडिओवरचे प्रसिद्ध निवेदक रश लिंबॉ आपल्या कार्यक्रमात एका विद्यार्थिनीबद्दल वाईट बोलले आणि जाहिरातदार भराभर बाहेर पडले. तेव्हा आपली जाहिरात त्या कार्यक्रमात वाजते हेच काही कंपन्यांना ठाऊक नव्हतं : वेळ स्थानिक स्टेशनांकडून घेतलेली, कार्यक्रम कुठला ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते, तोच कार्यक्रम ऐकते. तक्रार कुणाकडे करू? उपयोग होतो का?

उत्तर : तारीख, वेळ आणि शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, त्या ब्रेकमध्ये कुणाच्या जाहिराती लागल्या तेही. पहिलं पत्र स्टेशनला. खासगी एफएमला परवान्यानुसार आकाशवाणीची कार्यक्रम संहिता लागू असते, त्यामुळे पुढची तक्रार माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे जाते. जाहिरात मानक परिषदेकडे जाऊ नका, ती फक्त जाहिरातींचं बघते. उशीरही नको, रेकॉर्डिंग कायमचं ठेवत नाहीत.

जाहिरातदार दुकानांना जरूर कळवा, पण नीट शब्दांत. बोलला आरजे, दुकानदार नव्हे. दुकानदाराला धमकावणं अन्यायाचं आहे. उपयोगाची हमी मात्र देता येत नाही. अमेरिकेतलेच रेडिओ निवेदक डॉन आयमस यांनी ४ एप्रिल २००७ रोजी महिला बास्केटबॉल संघाबद्दल अपशब्द काढले, मोठे जाहिरातदार गेले आणि १२ एप्रिलला सीबीएस या प्रसारण कंपनीने त्यांना काढलं. डिसेंबरात ते दुसऱ्या स्टेशनवर परतले. लिंबॉ यांचा कार्यक्रम तर २०२१ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालूच होता.