आफ्रिकेचा इतिहास वर्गात नेताना

प्रश्न : मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना इतिहास शिकवते. साम्राज्यवाद, गुलामांचा व्यापार, वर्णभेद हे शब्द शिकवताना येतात. पण आफ्रिकेविषयी विचारले तर जंगल, सिंह आणि दुष्काळ यांपलीकडे विद्यार्थ्यांना काही सांगता येत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही फारसे येत नाही. आम्ही तीन सहकारी मिळून शिक्षकांसाठी एक हस्तपुस्तिका करावी म्हणतो. मराठीत साहित्य कमी आहे आणि जादा तासिका जेमतेम चार मिळतील. सुरुवात कोठून करावी?
(एक शिक्षिका, नागपूर)

उत्तर : हस्तपुस्तिकेचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवीन. काही वर्षांपूर्वी आम्ही काही इतिहासशिक्षकांनी अशीच एक जाड पुस्तिका तयार केली होती. इजिप्तच्या पिरॅमिडपासून नेल्सन मंडेलांपर्यंत सारे काही तिच्यात होते, आणि म्हणूनच ती कोणी वर्गात नेली नाही. उद्याच्या तासिकेचे टाचण काढायला बसलेल्या शिक्षकाला एक पान हवे असते, ज्यावर एक पुरावा, त्याची थोडी पार्श्वभूमी, दोन-तीन प्रश्न आणि विद्यार्थी हमखास काढतील त्या शंकांची उत्तरे असतील. तेव्हा सुटी पाने करावीत. चार तासिकांसाठी चार पाने पुरेत.

प्रत्येक पान ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ या प्रश्नावर उभे राहिले पाहिजे. हा प्रश्न कोणत्याही इतिहासाला लागू आहे. पण आफ्रिकेच्या बाबतीत तो अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण या खंडाविषयी फार काळ इतरांनीच लिहिले. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने एकोणिसाव्या शतकात आपल्या व्याख्यानांतून आफ्रिकेला जगाच्या इतिहासाबाहेरच ठेवले होते. युनेस्कोने १९६४ मध्ये ‘आफ्रिकेचा सामान्य इतिहास’ हा आठ खंडांचा प्रकल्प हाती घेतला, तो या दृष्टीला उत्तर म्हणून, आणि त्याच्या लेखनात आफ्रिकी इतिहासकारांना पुढे ठेवले. बुर्किना फासोचे इतिहासकार जोसेफ की-झेर्बो यांनी संपादिलेला पहिला खंड आपण आधी चाळावा, कारण मौखिक परंपरा, भाषा आणि उत्खनन यांवरून इतिहास कसा लिहावा, याची चर्चा त्यात विस्ताराने आहे. हे खंड इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. सगळे वाचण्याच्या फंदात मात्र पडू नये. तिघांनी एकेक प्रकरण वाटून घेतले आणि त्यातील दोन-दोन पानांचा आशय आपल्या मराठीत मांडला, तरी वर्षभराचे काम होते.

पहिले पान ज्वारीचे करावे. ही सूचना मी अनुभवावरून करतो आहे. टेबलावर मूठभर ज्वारी ओतली आणि ‘ही मूळची कोठली?’ असे विचारले, की विदर्भातील मुले क्षणाचाही विचार न करता ‘आपलीच’ म्हणतात. पूर्व सुदानमध्ये सुमारे ५,००० वर्षांपूर्वी ज्वारीची लागवड होत होती. तेथे सापडलेल्या जुन्या खापरांत, भांडी घडवताना मातीत मिसळलेल्या भुशाचे ठसे राहिले आहेत, आणि त्या ठशांवरून ती लागवडीची ज्वारी असल्याचे अभ्यासकांनी ओळखले. बाजरी पश्चिम आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातून आली आणि नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातून. कुंभाराकडून आणलेल्या ओल्या मातीत भुसा मळून विद्यार्थ्यांना ठसे पाहू द्यावेत. आमच्या वर्गात एका मुलीने वाळलेले ढेकूळ फोडून आतला ठसा नखाने दाखवला आणि ‘म्हणजे भांडे करणाऱ्या बाईने हे मुद्दाम लिहून ठेवले नव्हते,’ असे म्हणाली. पुरावा म्हणजे काय, हे याहून चांगले मला सांगता आले नसते. शिवाय आपल्या ताटातली भाकरी ज्या शेतकऱ्यांच्या निवडीतून आणि मेहनतीतून उभी राहिली, ते शेतकरी आफ्रिकेतले होते, ही ओळख झाली की पुढचे सर्व पाठ वेगळ्या कानांनी ऐकले जातात.

दुसरे पान ग्रेट झिम्बाब्वेचे असावे, आणि त्याला पूर्ण तासिका द्यावी. आजच्या झिम्बाब्वे देशात मास्विंगोजवळ चुना किंवा मातीचा लेप न वापरता, घडीव दगड नुसते एकमेकांवर रचून उभारलेल्या भिंती आहेत. त्यांतील काही सुमारे ११ मीटर उंच आहेत. अकराव्या ते पंधराव्या शतकांत हे नगर भरभराटीला आले. उत्खननात चिनी मातीची भांडी आणि हिंदी महासागरातील व्यापारातून आलेले काचेचे मणी सापडले, म्हणजे किनाऱ्यावरील बंदरांमार्फत या नगराचा दूरच्या देशांशी संबंध होता. परंतु युरोपीय वसाहतवाल्यांना हे बांधकाम स्थानिक आफ्रिकी लोकांचे आहे, हे मान्य करवेना. कोणी ते फिनिशियनांचे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन व्यापारी लोकांचे ठरवले, कोणी बायबलमधील शेबाच्या राणीचे. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी उत्खननाच्या आधारे ते आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवून दिले, तरीही पुढे ऱ्होडेशियातील (झिम्बाब्वेचे स्वातंत्र्यापूर्वीचे नाव) गोऱ्या राजवटीने हे सत्य दडपण्यासाठी संशोधकांवर दबाव आणला. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने याच अवशेषांचे नाव धारण केले. इमारत कोणी बांधली, हा प्रश्न राज्य कोणी करावे या प्रश्नाशी कसा जोडला जातो, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना नेमके कळते. पानावर तीन मते द्यावीत, कोणते कोणाचे हे झाकून ठेवावे, आणि सापडलेल्या वस्तूंची यादी पाहून विद्यार्थ्यांना निवाडा करू द्यावा.

तिसऱ्या पानासाठी इब्न बतूता घ्यावा. मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत काझी असलेला आणि देवगिरी-दौलताबादलाही येऊन गेलेला हा मोरोक्कोचा प्रवासी १३३१ मध्ये आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरील किल्वा येथे होता आणि १३५२ मध्ये माली साम्राज्यात पोहोचला. मालीतील न्याय आणि प्रवाशांची सुरक्षितता त्याने वाखाणली. तेथील स्त्रियांचा पोशाख मात्र त्याला खटकला. साक्षीदार काय पाहतो आणि त्याला काय रुचत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच उताऱ्यात सापडतात. मालीचा बादशहा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतके सोने वाटत गेला की तेथे सोन्याचा भाव उतरला, ही अरब इतिहासकार अल्-उमरीने नोंदवलेली हकिगत विद्यार्थ्यांना आवडतेच. पण सारा तास सोन्यात घालवू नये.

चौथे पान मौखिक इतिहासाचे. मालीचा संस्थापक सुंजाता याची गाथा पश्चिम आफ्रिकेतील ग्रियो, म्हणजे परंपरेने इतिहास गाणारे कलावंत, पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. आपल्याकडे गोंड समाजाच्या कुळकथा ‘बाना’ वाजवत गाणारे परधान आहेत. आपल्या वर्गात या समाजांतील मुले असतील, तर त्यांच्या घरच्या आजोबांना शाळेत सन्मानाने बोलवावे. लिहिलेले नाही म्हणजे इतिहास नाही, हा समज आफ्रिकेइतकाच आपल्या शेजारच्या माणसांवरही अन्याय करीत आला आहे.

दोन गोष्टी चारही पानांना लागू आहेत. ‘आफ्रिकेत असे असते’ असे वाक्य कोठेही येऊ देऊ नये. प्रदेश, लोक आणि शतक यांची नावे घालावीत. ५४ देशांच्या आणि भारताच्या सुमारे नऊपट क्षेत्रफळाच्या खंडाबद्दल एक सरसकट विधान खरे ठरणे अशक्य आहे. आणि भिंतीवरचा नकाशा तपासून घ्यावा, कारण मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात ते आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्श्याएवढे आहे. पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून भारताची बाह्यरेषा काढावी आणि ती कापून आफ्रिकेवर ठेवून पाहावी.

प्रश्न : गुलामांच्या व्यापाराचा पाठ शिकवल्यानंतर आमच्या वर्गातील एका सावळ्या मुलाला इतर मुले चिडवू लागली. हा विषय टाळावा का?
(एक शिक्षक, नागपूर)

उत्तर : टाळू नये, पण तो पहिला पाठ असू नये. ज्या माणसांशी विद्यार्थ्यांची प्रथम भेट साखळदंडांतील चित्रातून होते, त्यांना ते पुढेही तसेच पाहतात. ज्वारीचे शेतकरी आणि झिम्बाब्वेचे गवंडी आधी भेटलेले असावेत.

नंतर हा विषय त्याच्या पूर्ण गांभीर्याने सांगावा. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत कोंबण्यात आले, आणि त्यांतील जवळपास १८ लाख वाटेतच मरण पावले. ‘गुलाम’ असे न म्हणता ‘गुलाम केलेली माणसे’ म्हणावे, कारण ती जन्माने शेतकरी, विणकर, आई, मुलगा होती. प्रतिकार त्याच पानावर यावा. काँगोचा राजा अफोन्सो याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून, व्यापारी आपल्या प्रजेला पळवून नेतात अशी तक्रार केली होती. कॅरिबियन समुद्रातील हैतीमध्ये गुलाम केलेल्या माणसांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. साखळदंडांचे किंवा फटक्यांच्या वळांचे चित्र भिंतीवर लावू नये, आणि विद्यार्थ्यांना मालक-गुलामाची भूमिका देऊन नाट्यीकरण तर मुळीच करू नये.

चिडवण्याविषयी मात्र पाठाची वाट पाहू नये. त्या मुलाला वर्गासमोर उभे करून सहानुभूती दाखवू नये. चिडवणाऱ्यांशी त्याच दिवशी, वेगळे बसवून, स्पष्ट शब्दांत बोलावे आणि त्याच्या पालकांना शाळेने काय केले ते कळवावे. रंगावरून माणसाची किंमत ठरवण्याची सवय आपल्या घरांत, लग्नाच्या जाहिरातींत रोज दिसते. तिचे खापर आफ्रिकेवरील पाठावर फुटू देऊ नये.

प्रश्न : मलिक अंबरपासून सुरुवात केली तर महाराष्ट्रातील मुलांना विषय जवळचा वाटणार नाही का?
(एक निवृत्त मुख्याध्यापक, नागपूर)

उत्तर : नक्कीच वाटेल, आणि आपली सूचना मला पाचव्या पानासाठी योग्य वाटते. इथिओपियात जन्मलेला, वारंवार विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली, तिला नहरीने पाणी आणले आणि १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली. केवळ त्याच्यावरच थांबलो, तर मात्र आफ्रिका म्हणजे आपल्याकडे आलेली माणसे, एवढेच मनात राहील. म्हणून तो आधी नको.

पानासाठी जहांगीरच्या दरबारी चित्रकार अबुल हसन याने काढलेले चित्र घ्यावे, जे आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्यात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून, भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात जहांगीर त्याला कायमचे नमवू शकला नाही, आणि मलिक अंबर १६२६ मध्ये नैसर्गिक मृत्यूने गेला. हे सांगण्याआधी विद्यार्थ्यांना चित्र पाच मिनिटे नुसते पाहू द्यावे आणि ते कोणी, कोणासाठी काढले असेल, हे वहीत लिहायला सांगावे.