पाइप चिकटवणं सोपं झालंय, मग प्लंबिंग शिकायचं कशाला?

प्रश्न : माझा मुलगा दहावी पास झालाय. गणित बरं आहे, पण पुस्तकात मन रमत नाही. घराचं काम चालू होतं तेव्हा दिवसभर प्लंबरच्या मागे मागे असायचा. आता म्हणतो, हेच शिकणार. त्याचे वडील म्हणतात, "हल्ली सगळे पाइप प्लॅस्टिकचे. कापा, सोल्युशन लावा, चिकटवा. त्यात शिकण्यासारखं उरलंय काय? उद्या कुणीही करेल." शिवाय त्याला उग्र वासाने खोकला लागतो. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, त्याच्या वडिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. लोखंडी पाइपाला आटे पाडायला जेवढी ताकद आणि हत्यारं लागायची, तेवढी आता लागत नाहीत. जोड पटकन होतो. पण गोम अशी की चांगला जोड आणि फसलेला जोड बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळतो तो टाइल्स बसून, रंग होऊन, भिंतीला ओल आल्यावर. तेव्हा चिकटवणारे पुष्कळ होतील, त्याला माझी ना नाही. पण जोड गळणार नाही हे भिंत बुजवायच्या आधी दाखवून देणारे थोडे असतात, आणि लोक पुन्हा बोलावतात ते त्यांनाच.

सीपीव्हीसी म्हणजे गरम पाणीही सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप. त्याचा एक साधा एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा कोपऱ्याचा तुकडा, घ्या. पाइप अगदी काटकोनात कापायचा, कडेची बुरी (कापताना राहिलेले कंगोरे) काढायची आणि टोकाची बाहेरची धार किंचित मारायची. ती तशीच ठेवली तर सॉकेटमधलं, म्हणजे एल्बोच्या ज्या तोंडात पाइप शिरतो त्यातलं, सोल्युशन खरवडत पुढे नेते. मग पाइप कोरडाच घालून बघायचा. सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर तो अडकला पाहिजे. सैल जाऊन तळाला टेकला, तर ती जोडी वापरायचीच नाही. सोल्युशनने दोन्ही पृष्ठभाग विरघळून मऊ होतात आणि एकमेकांत एकजीव होतात. म्हणून पाइपाला सढळ हाताने लावायचं आणि सॉकेटला पातळ. सॉकेटमध्ये थबथबून भरलं तर ते आत साचतं आणि पाइपालाच कमजोर करतं. लगेच आत दाबून पाव फेरा द्यायचा आणि तसंच धरून ठेवायचं. सॉकेट आतून निमुळतं असतं, सोडलं की पाइप हळूच मागे सरकतो. हे धरून ठेवणं फार तर अर्ध्या मिनिटाचं, पण घाईतला माणूस नेमकं तेवढंच टाळतो.

पीपीआरमध्ये, म्हणजे तापवून जोडायच्या प्लॅस्टिक पाइपात, हाच हात उलटा चालवावा लागतो. तिथे सोल्युशन नाही. साधारण 260 अंश तापलेल्या मशीनवर पाइप आणि फिटिंग एकाच वेळी तापवून एकमेकांत सरळ घालायचे. 20 मिलिमीटरच्या पाइपाला जेमतेम 5 सेकंद तापवणं पुरतं. इथे फेरा दिला तर जोड बिघडतो. गरजेपेक्षा जोरात दाबलं तर आत प्लॅस्टिकचं कडं तयार होऊन वाट अरुंद होते. मग नळाला पाणी बारीक येतं आणि बोल बसतो टाकीला.

शिवाय कुठला पाइप कुठे चालतो, हे पाठ असावं लागतं. यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी. गिझरच्या लाइनला सीपीव्हीसी, ते साधारण 93 अंशांपर्यंतचं पाणी सोसतं. पण प्लॅस्टिक तापलं की लांबतं: 10 मीटर सीपीव्हीसीचं तापमान 40 अंशांनी वाढलं तर जवळपास अडीच सेंटीमीटर. क्लॅम्प आवळून पाइप जखडला, तर ही लांबी जाणार कुठे? पाइपाला बाक येतो आणि ताण एल्बोवर पडतो. नळ बसवायच्या जागी पितळी आट्यांची फिटिंग घ्यायची, कारण प्लॅस्टिकच्या आट्यांत लोखंडी निपल (आट्यांचा छोटा पाइप) पान्याने पिळला की फिटिंग तडकते. कधी कधी महिन्याभराने तडकते, हा त्यातला वैताग.

आता टेस्टिंग. माझ्या मते या धंद्याची खरी परीक्षा इथेच होते. झिऱ्या (पाइपासाठी भिंतीत खोदलेल्या चरी) बुजवायच्या आधी सगळी तोंडं डमी, म्हणजे तात्पुरती बुचं, लावून बंद करायची, खालून सावकाश पाणी भरायचं आणि वरच्या टोकाने हवा पूर्ण काढायची. जोड सुकायला सोल्युशनच्या डब्यावर दिलेला वेळ झालेला असलाच पाहिजे. थंड हवेत आणि मोठ्या पाइपाला तो जास्त लागतो. मग हातपंपाने दाब चढवायचा, सर्वसाधारणपणे लाइनच्या नेहमीच्या दाबाच्या दीडपट, आणि गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, नजर ठेवायची. प्लॅस्टिक थोडं फुगतं, त्यामुळे काटा सुरुवातीला किंचित उतरतो. पुन्हा चढवल्यावर तो ठरतो की उतरतच राहतो, हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. आणि हवेच्या कॉम्प्रेसरने टेस्ट कधीही करायची नाही. दाबलेल्या हवेत ताकद साठून राहते. कडक प्लॅस्टिक फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात.

सांडपाण्याच्या लाइनला दाब नसतो, पण हिशेब असतो. मीटरमागे साधारण 2 सेंटीमीटर उतार, ट्रॅपमध्ये (गटाराचा वास अडवणाऱ्या वळणात) 50 मिलिमीटर पाणी, आणि टेस्टला लाइन तुंबवून पातळी हलते का ते बघायचं. तुमच्या मुलाचं गणित बरं आहे म्हणता ना, ते इथे कामी येईल.

कोर्स निवडताना इमारत बघू नका, वर्कशॉप बघा. मुलांनी केलेले जोड उभे कापून दाखवतात का? प्रेशर पंप आणि गेज प्रत्येकाच्या हातात येतो, की एकटे सर चालवतात आणि बाकीचे बघतात? ड्रॉइंग वाचायला शिकवतात का? कोर्सनंतर दोनेक वर्षं चांगल्या प्लंबरच्या हाताखाली काढावी लागतील, त्यात कमाई बेताचीच असेल. प्रत्येक टेस्टची तारीख, दाब, वेळ आणि गेजचा फोटो एका वहीत ठेवायची सवय त्याने पहिल्या कामापासून लावावी. पुढे स्वतःची कामं घेताना ती वही त्याच्यासाठी बोलेल. वडिलांना पटवायचं असेल तर त्यांना एकदा वर्कशॉपमध्ये न्या आणि कापलेला फसका जोड हातात द्या.

राहिला खोकला. ही गोष्ट सगळ्यात आधी तपासा. सोल्युशनची वाफ उग्र असते, पेट घेणारीही असते, आणि काम बहुतेकदा कोंदट बाथरूममध्ये चालतं. दार-खिडकी उघडी ठेवणं, पंखा लावणं हे सगळ्यांनीच करायचं, पण दमा असेल तर तेवढ्याने भागणार नाही. साधा धुळीचा रुमाल तर या वाफेला अडवतच नाही. पीपीआरसारख्या, सोल्युशन न लागणाऱ्या कामावर भर देता येईल. तरी शिकताना सगळंच हाताळावं लागतं. फी भरण्याआधी त्याला छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि रोजचा संबंध कशाशी येणार ते त्यांना स्पष्ट सांगा.