खोलीभाड्याचे डॉलर आणि शेअर्सचे डॉलर

प्रश्न : आम्ही निपाणीचे. माझा तंबाखूचा व्यापार आहे. मुलगा ऑगस्ट २०२५ मध्ये एम.एस.साठी अमेरिकेला गेला. त्याची फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च मी इथल्या बँकेतून पाठवतो. आता त्याला तिथल्या शेअर बाजारात पैसे गुंतवायचे आहेत. त्याच्या खोलीतल्या मुलाचे वडील खानापूरला असतात. त्यांना मी इथे पाच लाख रुपये रोख द्यावेत आणि त्या मुलाने माझ्या मुलाला तिकडे तेवढे डॉलर द्यावेत, म्हणजे बँकेचे शुल्क आणि कर दोन्ही वाचतील, असे तो सुचवतो. यात काही अडचण आहे का?
— एक पालक, निपाणी

उत्तर : अडचण आहे आणि ती मोठी आहे, म्हणून आधी खानापूरच्या व्यवहाराविषयी लिहितो. रुपये इथे आणि डॉलर तिथे, अशी अदलाबदल ओळखीतल्या दोन कुटुंबांना घरगुती उसनवारीसारखी वाटते. पण परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, याच व्यवहाराला मनाई करतो, कारण त्यात पैसा अधिकृत बँकेला टाळून सीमेपलीकडे पोहोचतो. या कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. शिवाय दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड प्राप्तिकर कायद्यात आहे, म्हणजे तुमच्या मुलाच्या सोयीसाठी खानापूरचे ते गृहस्थही अडचणीत येतील. दोन्ही घरे प्रामाणिक असली तरी हे करू नका.

आता सरळ मार्ग. निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. ही मर्यादा तुमची आहे, मुलाची नाही. शिक्षणासाठी बाहेर गेलेल्या विद्यार्थ्याला रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासी मानते. बँकेत भरायच्या ए-२ अर्जात रक्कम कशासाठी पाठवत आहात, याचा एक लहानसा रकाना असतो. काउंटरवर घाई असली की तो रकाना कर्मचारीच भरतो आणि पालक खाली सही करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. फी आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी तिथे एस०३०५ हा संकेतांक येतो, तर परदेशी शेअर्ससाठी एस०००१. सही तुमची असते, म्हणून लिहिलेला उद्देश खरा असण्याची जबाबदारीही तुमचीच. खर्चासाठी म्हणून पाठवलेली रक्कम शेअर्समध्ये गेली, तर तुम्ही बँकेला लिहून दिलेले खोटे ठरते.

त्यामुळे मुलाला गुंतवणुकीसाठी पैसे द्यायचेच असतील, तर ते वेगळ्या अर्जावर, नातेवाइकाला भेट म्हणून पाठवा. वर्षभरातल्या सगळ्या रकमा धरून दहा लाख रुपयांच्या वर गेलात, तर भेट किंवा गुंतवणुकीच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे रक्कम पाठवतानाच आगाऊ गोळा केला जाणारा कर, घेते. शिक्षणाच्या रकमेवर हा दर पुष्कळ कमी आहे. नेमक्या याच फरकामुळे सगळेच पैसे शिक्षणाच्या नावावर लिहावेत असा मोह होतो. परंतु टीसीएस बुडत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात देय करातून वळता होतो, उरला तर परतही मिळतो. विद्यापीठातच नियमाप्रमाणे तासिका काम करून मुलाने स्वतः मिळवलेल्या डॉलरला मात्र यातले काहीच लागू नाही, आणि माझ्या मते त्याने शेअर्सची सुरुवात त्याच पैशातून करावी.

तरीही त्याने एक हिशेब आधी करावा. अमेरिकेत पहिली पाच कॅलेंडर वर्षे विद्यार्थी करापुरता बहुधा परदेशीच समजला जातो. अशा व्यक्तीचा मुक्काम एखाद्या वर्षात १८३ दिवसांचा किंवा अधिक झाला, तर त्या वर्षीच्या शेअर्सच्या निव्वळ नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो. ऑगस्टमध्ये पोहोचल्यामुळे २०२५ मध्ये तो यातून सुटला, पण २०२६ मध्ये सुटणार नाही. ब्रोकर हा कर सहसा आधी कापून घेत नाही, म्हणून मुलांना तो विवरणपत्र भरताना कळतो आणि तोवर नफा खर्च झालेला असतो. लाभांशावर भारत-अमेरिका करारानुसार २५ टक्के कर आहे; त्यासाठी डब्ल्यू-८बेन हा, आपण करापुरते परदेशी असल्याचे सांगणारा अर्ज ब्रोकरकडे द्यावा. याउलट तिथल्या बँकेतल्या साध्या ठेवीचे व्याज अशा विद्यार्थ्याला करमुक्त असते. पुढच्या सत्राची फी ज्या पैशातून भरायची आहे, तो पैसा तिथेच राहू द्यावा, असा माझा आग्रह आहे.

शेवटी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फेमाच्या दृष्टीने तुमचा मुलगा अनिवासी असला, तरी प्राप्तिकर कायदा भारतातले दिवस मोजतो. एप्रिल ते ऑगस्ट २०२५ तो इथे होता आणि आधीची वर्षेही इथेच होता, त्यामुळे २०२५-२६ या वर्षासाठी तो निवासीच ठरतो. डिसेंबर २०२५ पर्यंत त्याने तिकडे बँकखाते किंवा शेअर्सचे खाते उघडले असेल, तर उत्पन्न शून्य असले तरी त्याला इथे विवरणपत्र भरून परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागेल. त्याचे निपाणीतले बचत खातेही अजून साधेच असेल, तर बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे रुपयांतले खाते, करून घ्या.