आमच्या शिवारात पांढरंशुभ्र हरिण दिसलं. ही वेगळी जात आहे का?

नाही, जात तीच. मराठवाड्यात ज्वारी-हरभऱ्याच्या रानात कळपानं दिसतं ते बहुधा काळवीटच. आपण त्याला हरिण म्हणतो, पण ते कुरंग, म्हणजे इंग्रजीत अँटिलोप. खऱ्या हरणासारखी त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत.

डोळे बघा. गुलाबी असतील तर अल्बिनिझम, म्हणजे रंगद्रव्य बनतच नाही. डोळे काळे आणि अंग पांढरं असेल तर ल्युसिझम, म्हणजे रंग डोळ्यांत राहतो पण अंगावर उतरत नाही. दोन्ही जन्मजात, संसर्गजन्य नाहीत.

काळ्या मातीत असं पाडस लांबूनच उठून दिसतं, त्यामुळे लांडगे आणि मोकाट कुत्री त्याला आधी हेरतात. म्हणून कळकळीची विनंती: पाठलाग करू नका, जागेसकट फोटो टाकू नका. जखमी दिसलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा.